धागा : वैमानिकाने 'आज मी विमान चालवू शकत नाही' असे कळवले, तर कंपनीने ते मानावे की पडताळावे?

सुरंगी :

नमस्कार. मी वेंगुर्ल्याची असून शाळेत 31 वर्षे शिकवून निवृत्त झाले आहे. माझा मुलगा एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे. कंपनीचे नाव मी लिहिणार नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे आणि त्याची नोकरीही चालू आहे.

गेल्या पावसाळ्यात तो दोन दिवसांच्या सुट्टीवर घरी आला असताना त्याला ताप भरला, नाक चोंदले आणि उजव्या कानात दडे बसले. सुट्टीनंतरच्या पहाटे मुंबईहून त्याची चार उड्डाणांची ड्यूटी होती. त्याने आदल्या दिवशी दुपारीच क्रू शेड्युलिंगला, म्हणजे कोणत्या उड्डाणावर कोण जाईल ते ठरवणाऱ्या विभागाला, फोन करून आजारी असल्याचे कळवले आणि आमच्या गावातल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून पाच दिवस विश्रांतीचे प्रमाणपत्र घेऊन ते मेलने पाठवले. संध्याकाळी कंपनीचे उत्तर आले, की बाहेरच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाणार नाही, सुट्टीला जोडून आलेल्या आजारपणासाठी कंपनीच्या पॅनेलवरील डॉक्टरांकडून 24 तासांच्या आत तपासणी करून घ्यावी. पॅनेलवरचे डॉक्टर मुंबईत आणि मुलगा वेंगुर्ल्यात. गोव्यातला मोपाचा विमानतळ आमच्यापासून जवळ आहे, पण कान बंद असताना विमानात बसणे धोक्याचे म्हणूनच तर त्याने रजा मागितली होती. शेवटी त्याच संध्याकाळी त्याचे वडील त्याला कुडाळला घेऊन गेले आणि ताप अंगात असताना तो कोकणकन्येने रात्रभर प्रवास करून मुंबईला गेला.

पॅनेलच्या डॉक्टरांनी तपासून त्याला पाच दिवसांसाठीच तात्पुरता अनफिट ठरवले, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी सांगितले होते तेवढेच. तरीही पुढच्या महिन्यात त्याला कार्यालयात बोलावण्यात आले, वर्षभरातल्या त्याच्या आजारपणाच्या 9 दिवसांचा तक्ता त्याच्यापुढे ठेवण्यात आला आणि 'उपस्थिती समाधानकारक नाही' या कारणाने त्याचे कॅप्टनच्या प्रशिक्षणासाठीचे नाव पुढे ढकलण्यात आल्याचे तोंडी सांगण्यात आले. एका दिवसाचा पगारही कापला गेला.

मी विमानातले काही जाणत नाही, पण एक गोष्ट मला समजत नाही. आजारी असताना विमान चालवू नये, असा नियम आहे. तो नियम पाळला म्हणून बढती लांबत असेल, तर पुढच्या वेळी अंगात ताप असताना माझा मुलगा काय करील? तो खरे सांगेल असे आई म्हणून मला वाटते, पण त्याच्या बरोबरीच्या सगळ्यांबद्दल मी तसे सांगू शकत नाही. या क्षेत्राशी संबंध असलेल्यांनी कृपया लिहावे. शक्य असल्यास कंपनीची बाजूही कोणी मांडावी, म्हणजे माझा विचार एकांगी होणार नाही.

खाडीकाठ :

सुरंगीताई, कंपनीची बाजू मांडण्याचा अधिकार मला थोडाफार आहे असे समजून लिहितो. गुहागरला कायमचा येण्यापूर्वी मी बरीच वर्षे एका विमान कंपनीत क्रू शेड्युलिंगमध्ये होतो, त्यातली निम्मीअधिक वर्षे रात्रपाळीत.

पहाटे पाच-सहाची उड्डाणे सुरू होण्यापूर्वी, म्हणजे रात्री दोन ते चारच्या दरम्यान, आमचे फोन वाजू लागत. एखाद्या कॅप्टनने आजारी असल्याचे कळवले, की त्या जागी स्टँडबायवरचा, म्हणजे ऐनवेळी बोलावण्यासाठी राखून ठेवलेला, माणूस बोलवायचा. तो घरून निघून विमानतळावर पोहोचेपर्यंत वेळ जातो. तो त्याच जातीच्या विमानाचा परवाना असलेला हवा, त्याच्या उड्डाणाच्या तासांची मर्यादा शिल्लक हवी, आदल्या दिवसाची विश्रांती पूर्ण झालेली हवी. एक विमान दिवसाला पाच-सहा फेऱ्या मारते, त्यामुळे पहाटेची पहिली फेरी अडीच तास उशिरा गेली, तर रात्रीच्या शेवटच्या फेरीतले प्रवासीही अडकतात. स्टँडबायवर पुरेशी माणसे ठेवायची, तर त्यांना घरी बसण्याचा पगार द्यावा लागतो, आणि खर्चात कपात करायची ठरली की पहिली कात्री तिथेच लागते.

संशय कुठून येतो, तेही सांगतो. गणपतीच्या आदल्या दिवशी, दिवाळीत, 31 डिसेंबरला आणि साप्ताहिक सुट्टीला लागून आजारपणाचे फोन वाढत, हे मी स्वतः पाहिले आहे. कोकणातले, बंगालातले, केरळातले, सगळ्यांचे सण वेगवेगळे, पण प्रकार तोच. दहापैकी दोघे खोटे बोलत असतील, तर उरलेल्या आठांकडेही माणूस त्याच नजरेने पाहू लागतो. पडताळणीचे नियम याच अनुभवातून जन्माला येतात आणि ते करणारे लोक दुष्ट नसतात.

आता जे लिहितो आहे, ते मी पूर्वी कोणाजवळ बोललेलो नाही. एका रात्री, जुलैमधल्या धुवाधार पावसात, माझ्याकडे एकही स्टँडबाय उरला नव्हता आणि एका तरुण फर्स्ट ऑफिसरचा पोटाच्या तक्रारीचा फोन आला. मी त्याला म्हणालो, "फार आहे का? एक फेरी करून या, मग पाहू." वाक्य साधे होते, धमकी कुठेच नव्हती. पण त्याला नोकरीला लागून सहाच महिने झाले होते आणि त्याची पुढची सगळी रोस्टरे, म्हणजे ड्यूटीची वेळापत्रके, माझ्या टेबलावर तयार होत होती. तो आला. मुक्कामाच्या शहरात उतरल्यावर त्याला थेट रुग्णालयात न्यावे लागले. विमान कॅप्टनने सुखरूप उतरवले, कारण विमानात दोन वैमानिक असतात. पण त्या वेळी 70-75 प्रवाशांचा विमा मी एकाच माणसाच्या प्रकृतीवर काढला होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. त्यानंतर मी 'फार आहे का' हा प्रश्न कोणालाही विचारला नाही.

म्हणून माझे मत असे बनले आहे, की आजारपणाचा फोन घेणारा माणूस आणि रिकामी जागा भरण्याची जबाबदारी असलेला माणूस एक असता कामा नये. फोन वैद्यकीय विभागाने घ्यावा आणि शेड्युलिंगला फक्त 'उपलब्ध नाही' एवढेच कळवावे. कारण विचारण्याचा अधिकार शेड्युलिंगला असूच नये. पडताळणी करायची असेल तर ती डॉक्टराने करावी, माझ्यासारख्या माणसाने नव्हे.

हर्णैचा तांडेल :

मी विमानातला नाही, मासेमारीतला आहे. आमच्याकडे तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, बरे नसेल तर होडी बंदरातच राहते, मालकाने कितीही आदळआपट केली तरी. 31 जुलैला पावसाळी मासेमारीची बंदी उठल्यावर पहिल्या आठवड्यात एक दिवस बुडाला तर मोठे नुकसान होते, पण खलाशीच सांगतात की आज नको. खाडीकाठ यांचे लिखाण पटले.

कर्णवैद्य रत्नागिरी :

मी कान-नाक-घसा या शाखेत काम करतो. सुरंगीताईंच्या मुलाचा आजार ऐकायला किरकोळ वाटेल, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

मोठे प्रवासी विमान 35 हजार फुटांवर उडत असताना केबिनमधला हवेचा दाब जमिनीसारखा नसतो. तो साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा, इतका ठेवलेला असतो. विमान उतरताना तो दाब पुन्हा वाढत जातो. मधला कान आणि घशाचा मागचा भाग यांना जोडणारी एक बारीक नळी असते, आपण आवंढा गिळतो तेव्हा ती उघडते आणि आतला-बाहेरचा दाब सारखा होतो. सर्दीमुळे तिच्या अस्तराला सूज आली, की ती उघडत नाही. मग बाहेरचा दाब वाढतो, आतला तसाच राहतो आणि कानाचा पडदा आत खेचला जातो. वेदना असह्य होतात, पडद्यामागे रक्त किंवा पाणी साचते आणि क्वचित पडदा फाटतो. कपाळाच्या आणि गालाच्या पोकळ्यांमध्येही हेच होऊ शकते. दोन्ही कानांमधला दाब वेगवेगळा झाला तर चक्कर येते, आणि ती येते नेमकी विमान उतरण्याच्या वेळी, जेव्हा वैमानिकाला सर्वाधिक लक्ष द्यावे लागते.

प्रवासी एकदाच उतरतो. देशांतर्गत उड्डाणांवरचा वैमानिक दिवसाला चार वेळा उतरतो, म्हणजे सुजलेल्या कानावर तोच ताण चार वेळा येतो. आणखी एक अडचण औषधांची आहे. सर्दीच्या ज्या गोळ्या आपल्याकडे वाण्याच्या दुकानातही मिळतात, त्यांतल्या अनेक गोळ्यांनी गुंगी येते. खोकल्याच्या काही औषधांमध्ये अल्कोहोल असते, आणि उड्डाणापूर्वी वैमानिकाची ब्रेथ अॅनालायझरवर तपासणी होते. अल्कोहोल असलेले माउथवॉशसुद्धा वैमानिकाने वापरू नये, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, 2023 मध्ये नियमातच घातले. म्हणजे गोळी घेतली तर गुंगी आणि नाही घेतली तर कान, अशी स्थिती असते. ज्या सर्दीत मी बँकेतल्या कारकुनाला 'कामावर जा, वाफ घ्या' असे सांगतो, त्याच सर्दीत वैमानिकाला पाच दिवस घरी बसवतो. कार्यालयातले लोक आपल्या अनुभवावरून तुलना करतात आणि त्यांना हे आजारपण बनावट वाटते, असा माझा अंदाज आहे.

वेंगुर्ल्याच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र नाकारले, याचे मला वैयक्तिक दुःख झाले. कान बघायला मुंबईच लागते असे नाही.

सड्यावरचा :

सर्वांचा आदर राखून विरुद्ध बाजू लिहितो. माझे वडील राजापूरजवळच्या आमच्या गावी वारले तेव्हा मी उत्तर भारतात नोकरीला होतो. मी त्याच रात्रीचे तिकीट काढले. विमानतळावर पोहोचल्यावर कळले की कर्मचारी मोठ्या संख्येने एकाच वेळी आजारी पडल्यामुळे उड्डाण रद्द झाले आहे. काउंटरवर कोणी बोलायला तयार नव्हते, परतावा सात दिवसांनी मिळेल असे छापलेले कागद वाटले जात होते. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावी पोहोचलो. भावाने अग्नी दिला होता आणि अस्थीही गोळा करून झाल्या होत्या.

त्या लोकांचे भांडण खरे असेल, मी नाही म्हणत नाही. पण संप करायचा तर संप म्हणून करावा, आधी नोटीस द्यावी, म्हणजे माझ्यासारखा माणूस रेल्वेने निघाला असता. आजारी नसताना आजारी म्हणणे मला आजही माफ करता येत नाही. एसटीचा संप 2021 च्या ऑक्टोबरअखेर सुरू झाला आणि 2022 च्या एप्रिलपर्यंत चालला, कोकणातल्या गावागावांनी तो सोसला. पण कर्मचारी उघडपणे आगारासमोर बसले होते. कोणीही पोटदुखीचे प्रमाणपत्र पुढे केले नव्हते.

न्यायमित्र चिपळूण :

सड्यावरचा यांनी सांगितलेले दुःख आणि सुरंगीताईंनी मांडलेला अन्याय, ही एकाच दोरीची दोन टोके आहेत. मी कामगार कायद्यात वकिली करतो, म्हणून थोडा इतिहास मांडतो.

आपल्याकडे वैमानिकांनी रजेचे हत्यार वापरल्याची सर्वांत ठळक उदाहरणे दोन. 2009 मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी संघटना बांधली, त्यात पुढाकार घेणाऱ्या दोघांना कंपनीने काढले, आणि 8 सप्टेंबरपासून शेकडो वैमानिकांनी आजारी असल्याचे कळवले. पाच दिवसांनी तोडगा निघाला आणि काढलेल्या वैमानिकांना परत घेण्यात आले. पुढे मे 2012 मध्ये एअर इंडियात बोइंग 787 ड्रीमलायनरचे प्रशिक्षण कोणाला द्यायचे, यावरून इंडियन पायलट्स गिल्ड या संघटनेच्या वैमानिकांनी असाच मार्ग धरला. दिल्ली उच्च न्यायालयाने ते आंदोलन बेकायदा ठरवले, कंपनीने सुमारे 100 वैमानिकांना बडतर्फ केले, गिल्डची मान्यता काढली, आणि 58 दिवसांनी जुलैच्या सुरुवातीला आंदोलन मागे घेतले गेले. अलीकडचे प्रकार म्हणजे एप्रिल 2024 मध्ये 'विस्तारा' या विमान कंपनीच्या वैमानिकांचा, ज्यात नव्या करारात हमी पगाराचे तास 70 वरून 40 वर आणल्याची तक्रार होती, आणि मे 2024 मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन कर्मचाऱ्यांचा. त्या दुसऱ्या प्रकरणात कंपनीने 25 जणांना काढले आणि दुसऱ्याच दिवशी मुख्य कामगार आयुक्तांसमोरच्या समेटात ती कारवाई मागे घेतली.

या मार्गाने लोक का जातात, याचे कारण कायद्यातच आहे. विमान वाहतूक ही 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात सार्वजनिक उपयुक्ततेची सेवा होती आणि तिथे नोटिशीशिवाय संप करता येत नसे. नोटीस दिली की समेटाची कार्यवाही सुरू होते आणि ती चालू असताना संप बेकायदा ठरतो. म्हणजे कायदेशीर संपाचे दार कागदावर उघडे असले, तरी त्यातून आत जाणे जवळजवळ अशक्य होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिने नोटिशीची अट सर्वच उद्योगांना लावली आणि 50 टक्के किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतली, तर तोही संपच मानला. लक्षात घ्या, तिथे शब्द नैमित्तिक रजेचा आहे, आजारपणाच्या रजेचा नाही. यावर पुढे न्यायालयांत बरीच वादावादी होईल असे मला वाटते. आजारी माणसाची टक्केवारी मोजून त्याला संपकरी ठरवायचे का, हा प्रश्न केवळ शब्दांचा उरत नाही.

परदेशातही हे नवीन नाही. फेब्रुवारी 1999 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी सामूहिक आजारपण पुकारले, न्यायालयाने परत जाण्याचा आदेश दिला, तो वेळेवर पाळला नाही म्हणून संघटनेला सुमारे 4 कोटी 55 लाख डॉलरचा दंड झाला. उलट बाजूचे उदाहरण जर्मनीचे आहे. टुइफ्लाय कंपनीने सप्टेंबर 2016 च्या अखेरीस पुनर्रचनेची अचानक घोषणा केल्यावर ऑक्टोबरमध्ये, एरवी 10 टक्क्यांच्या आसपास असणारे आजारपण वैमानिकांमध्ये एका दिवशी 89 टक्क्यांपर्यंत गेले. कंपनीने प्रवाशांना सांगितले की ही असाधारण परिस्थिती आहे, भरपाई मिळणार नाही. 17 एप्रिल 2018 रोजी युरोपीय न्यायालयाने ते फेटाळले आणि कर्मचाऱ्यांचा असा उद्रेक कंपनीच्या स्वतःच्या निर्णयातून आला असल्यामुळे तो तिच्या कारभाराचाच भाग आहे, म्हणून भरपाई द्यावी लागेल, असे ठरवले. सड्यावरचा यांच्या तक्रारीला याहून न्याय्य उत्तर मला दिसत नाही. प्रवाशाने वैमानिकावर रागवावे की कंपनीवर, हे त्याने ठरवत बसू नये. ज्याने तिकीट विकले, त्याने भरपाई द्यावी.

उजवी सीट :

मी सध्या उड्डाणावर असलेला फर्स्ट ऑफिसर आहे, आमचे गाव मालवणजवळ. सुरंगीताई, आपल्या मुलासारखे आमच्यातले कितीतरी जण आहेत, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करतो.

बाहेरच्यांना वाटते की आम्हाला रजा नको असते, फक्त पैसे हवे असतात. प्रत्यक्षात उड्डाणाच्या तासांवर पगार ठरत असेल तर एका आजारपणाचा अर्थ थेट पगारात घट असा होतो. विमानाच्या विशिष्ट जातीच्या प्रशिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र ठरलेल्या तारखेला जातोच. त्यावर 'उपस्थिती' हा शब्द बढतीच्या कागदावर आला, की माणूस आपोआप हिशेब करू लागतो. मी केला आहे. एकदा घसा पूर्ण बसलेला असताना मी कामावर गेलो होतो. कॅप्टनने ब्रीफिंगमध्येच माझा आवाज ऐकला आणि मला परत पाठवले, पण तो निर्णय मी घ्यायला हवा होता, त्यांनी नव्हे.

आमच्या व्यवसायाचा मूळ नियम असा, की आपली प्रकृती परवान्याच्या निकषांपेक्षा खालावली आहे हे ज्याला समजले, त्याने परवाना वापरू नये. हा नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या जोडपत्रातच आहे. तो निर्णय आमच्यावर सोपवला आहे, कारण तो दुसऱ्या कोणालाही घेता येत नाही. ताप मोजता येतो, पण रात्रभर झोप लागली नाही, घरी कोणी अत्यवस्थ आहे, डोके जागेवर नाही, हे कोणत्या यंत्रावर मोजणार?

12 फेब्रुवारी 2009 रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान पडले आणि 50 माणसे गेली. त्यातली फर्स्ट ऑफिसर आदल्या रात्री देशाच्या दुसऱ्या टोकाहून विमानाने प्रवास करून ड्यूटीवर आली होती आणि तिला सर्दी होती. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात तिचे बोलणे आहे. घरी असताना असे वाटले असते तर आलेच नसते, पण आता इथवर आल्यावर आजारी कळवायचे तर हॉटेलचा खर्च अंगावर येईल, असा त्याचा आशय होता. अपघाताचे मुख्य कारण कॅप्टनने विमान स्टॉल होण्याच्या, म्हणजे वेग कमी पडून पंखांची उचल सुटण्याच्या, इशाऱ्यावर चुकीची कृती केली हे होते, सर्दी नव्हे. तरीही मी ते बोलणे पहिल्यांदा वाचले, तेव्हा मला आमच्या कुठल्याही क्रू रूममधले बोलणे ऐकल्यासारखे वाटले.

याहून भयंकर उदाहरण 24 मार्च 2015 चे. जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने फ्रान्समधल्या डोंगरावर विमान घातले आणि 150 जण गेले. त्या दिवशी तो कामावर जाण्यास अपात्र असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र त्याच्या घरी फाडलेले सापडले. त्याचे कृत्य समर्थनीय नाही, पण आजारपण लपवणे ज्याला नोकरी वाचवण्याचा एकमेव मार्ग वाटतो, अशा माणसाचा शोध कोणत्याही पॅनेल डॉक्टरला लागत नाही. तो स्वतःहून सांगेल, अशी व्यवस्थाच तेवढी उपयोगी पडते.

आपल्याकडचे सांगतो. 12 जून 2025 रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे विमान पडले. त्यानंतर चार दिवसांनी, 16 जूनला, त्या कंपनीच्या 112 वैमानिकांनी आजारी असल्याचे कळवले, 51 कॅप्टन आणि 61 फर्स्ट ऑफिसर. हे आकडे राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत दिले आणि अपघातानंतर आजारपणाच्या रजा किंचित वाढल्याचेही सांगितले. त्या दिवसांत मला झोप येत नव्हती, माझ्या ओळखीच्या कोणालाच येत नव्हती. ज्यांनी त्या दिवशी 'मला जमणार नाही' असे कळवले, त्यांनी आपले काम केले असे मी मानतो.

आता एक तांत्रिक मुद्दा, जो वर्तमानपत्रांत फारसा कोणी उलगडून सांगितला नाही. डीजीसीएने 2024 च्या जानेवारीत नवीन नियम केले, त्यांत वैमानिकाची साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तास केली. ते लागू होण्यास उशीर झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि अखेर 1 जुलै आणि 1 नोव्हेंबर 2025 अशा दोन टप्प्यांत अंमलबजावणी झाली. त्याबरोबर असेही बजावले होते, की साप्ताहिक विश्रांतीच्या जागी कोणतीही रजा धरता येणार नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नव्या नियमांमुळे वैमानिक कमी पडून इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, विमानतळांवर हाहाकार उडाला आणि 5 डिसेंबर 2025 रोजी हे वाक्य मागे घेण्यात आले. याचा घरगुती भाषेत अर्थ असा होतो, की मी दोन दिवस तापाने फणफणलो, तर ते दोन दिवस माझी साप्ताहिक विश्रांती झाली असे कंपनी म्हणू शकते आणि बरा झाल्याबरोबर मला पुढचा पूर्ण आठवडा लावू शकते. आजारपण म्हणजे विश्रांती नव्हे, हे कोणत्याही आजारी माणसाला विचारावे.

सड्यावरचा, आपल्या वडिलांच्या बाबतीत जे झाले त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते. आपला राग मला मान्य आहे. सामूहिक आजारपण पुकारणाऱ्या प्रत्येकाने माझ्यासारख्या खऱ्या आजारी माणसाचा शब्द स्वस्त केला, असे मीही मानतो. संघटनेच्या बैठकीत मी हे बोललो, तेव्हा ज्येष्ठांनी विचारले, की मग आमच्या हातात दुसरे काय आहे? त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. न्यायमित्र यांचे लिखाण वाचून ते उत्तर कायद्यातच अडकले आहे, एवढे समजले.

सड्यावरचा :

आपण मोकळेपणाने लिहिलेत, आभारी आहे. माझा राग आपल्यावर नव्हता. युरोपातल्या त्या निकालासारखे आपल्याकडे काही असते, तर निदान कंपन्यांनी स्टँडबायवर चार माणसे जास्त ठेवली असती.

खाडीकाठ :

नेमके. रद्द झालेले उड्डाण कंपनीला स्वस्त पडते आणि घरी बसलेला स्टँडबाय महाग पडतो, तोवर रोस्टर असेच ताणलेले राहणार. मी त्या ताणाच्या मधोमध बसलेलो होतो, म्हणून खात्रीने सांगतो.

न्यायमित्र चिपळूण :

सुरंगीताई, आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर राहिले. नोंदणीकृत डॉक्टरांचे प्रमाणपत्र बनावट असल्याचा पुरावा नसताना ते केवळ 'बाहेरचे' म्हणून नाकारणे टिकाऊ नाही, असे माझे मत आहे. कंपनीला दुसरे मत घ्यायचे असेल तर तसा अधिकार सेवाशर्तींत असू शकतो, पण मग ती तपासणी रुग्ण जिथे आहे तिथून शक्य असेल अशा ठिकाणी आणि कंपनीच्या खर्चाने व्हायला हवी. शिवाय इथे पॅनेलच्या डॉक्टरांनी तेच पाच दिवस सांगितले आहेत, हा कागद आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. मुलाने तीन गोष्टी लेखी मागाव्यात : कापलेल्या पगाराचे कारण, प्रशिक्षण पुढे ढकलण्याचा लेखी आदेश, आणि आजारपणाचे किती दिवस झाल्यावर उपस्थिती असमाधानकारक ठरते त्याचा लिखित नियम. तोंडी सांगितलेल्या गोष्टीवर कुठेही दाद मागता येत नाही, आणि बहुतेक वेळा ती तोंडी सांगण्याचे कारणही तेच असते.

कर्णवैद्य रत्नागिरी :

वेंगुर्ल्याच्या डॉक्टरांनी कानाच्या पडद्याची नोंद लिहिली असेल, तर ती झेरॉक्सही जोडावी. दोन डॉक्टरांनी दोन दिवशी एकच निदान केले, हे त्यातून स्पष्ट दिसेल. आणि पुन्हा उड्डाणावर जाण्यापूर्वी त्याच्या कानाचा दाब तपासून घेतला होता ना?

सुरंगी :

डॉक्टरसाहेब, हो. सहाव्या दिवशी तपासणी झाली आणि सातव्या दिवसापासून तो कामावर आहे.

सर्वांचे लिखाण मुलाला वाचून दाखवले. खाडीकाठ यांनी सांगितलेला रात्रीचा प्रसंग ऐकून तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला की असे कबूल करणारा शेड्युलर त्याने पाहिलेला नाही. न्यायमित्र यांनी सुचवल्याप्रमाणे त्याने पंधरा दिवसांपूर्वी तिन्ही गोष्टी लेखी मागितल्या आणि दोन्ही डॉक्टरांचे कागद जोडले. परवा एका दिवसाचा कापलेला पगार परत जमा झाला, पत्र मात्र आले नाही. प्रशिक्षणाच्या नव्या यादीत त्याचे नाव अजून नाही. नियमाची प्रत मागितली, त्यावर 'संबंधित विभागाकडे पाठवले आहे' एवढे उत्तर आहे.

काल रात्री त्याचा फोन आला होता. बरोबरच्या एका फर्स्ट ऑफिसरला ताप होता आणि तो कामावर जाऊ की नको असे याला विचारत होता. माझ्या मुलाने त्याला 'जाऊ नकोस, आत्ताच कळव' असे सांगितले, आणि कळवल्याची वेळ मेलमध्ये लिहून ठेवायलाही सांगितले.